बाईंचा हात

त्या गावात कुणाच्याही घरी जा, बसायच्या खोलीत भिंतीवर एखादं फ्रेम केलेलं चित्र असणारच. खाली त्या घरातल्या पोराचं नाहीतर पोरीचं नाव, स्वतःच्या अक्षरात. कुठे फुलदाणी, कुठे सायकल, कुठे आजोबांचं नाक. घरचे कौतुकानं दाखवतात, पाहुणे कौतुकानं बघतात आणि तेवढ्यावर भागतं. पण जरा जवळ जाऊन बघितलं, तर चित्रात एखादी रेघ अशी सापडते की ती बाकीच्यांत मिसळत नाही. बाकीच्या रेघा चाचपडत आलेल्या असतात आणि ही एकटी ताठ मानेनं, कुणाला न विचारता आलेली असते. ती रेघ ड्रॉइंगच्या बाईंची.

बाईंना नाव होतं, पण ते शाळेच्या मस्टरवर सही करण्यापुरतं. गाव त्यांना बाई म्हणायचं, आणि घरी त्यांची थोरली बहीण अक्का त्यांना "धाकटे" अशी हाक मारायची, सत्तावन्नाव्या वर्षीसुद्धा. आठवडाभर शाळा, आणि रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत चित्रकलेचा वर्ग, तोही फुकट. खोलीला दोन खिडक्या, लांबलचक टेबलं, त्यांच्यावर वर्षानुवर्षांचे रंगाचे डाग, कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. आधी मुलांची तुकडी, मग मोठ्यांची. मोठ्यांत कोण नव्हतं? रिटायर झालेले बसचे कंडक्टर होते, दवाखान्यातली नर्स होती, एक सुतार होता आणि त्याला सरळ रेघ सोडून दुसरं काहीही काढता यायचं नाही. बाईंचा वर्ग नसता, तर भिंतीवर कॅलेंडर सोडून आणखी काही लावता येतं हे त्या गावाला कळलंच नसतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं ऐकून कुणी बाईंना दुष्ट ठरवू नये.

बाईंची खोड एकच. चूक दिसली की त्यांचा हात थांबायचा नाही. पेन्सिल कानावर, खोडरबर खिशात, आणि डोळे घारीचे. मुलाच्या मागून यायच्या, "सरक जरा" म्हणायच्या, आणि मूल सरकेपर्यंत फुलदाणी सरळ झालेली असायची. आईबाप खूष. "बाईंचा हात फिरला की चित्र बोलायला लागतं," असं म्हणायची पद्धतच पडून गेली होती. एकदा एका मुलीनं आपलं चित्र हातात घेतलं, नीट बघितलं, परत टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "बाई, माझं कुठंय?" बाईंना त्याचं इतकं हसू आलं की पुढे कित्येक वर्षं त्या हा किस्सा सांगायच्या. अक्कालाही त्यांनी तो सांगितला. अक्का तेव्हा कुणाची तरी पॅन्ट उसवत होती. ती हसली नाही.

"मीपण उसवते," अक्का म्हणाली, "पण गिऱ्हाईकाला विचारून."

"तुझं काम वेगळं गं. कपडा बसला नाही तर गिऱ्हाईक बोंब मारतं. चुकीचं चित्र काही बोंब मारत नाही, मलाच बघावं लागतं."

अक्कानं दाताखाली दोरा तोडला आणि विषय तिथेच राहिला.

अक्का बाईंपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा बाई दीड वर्षाच्या होत्या आणि अक्का तेरा-चौदाची. वडील मालगाडीवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्या चार दिवसांतही ते बिचारे झोपूनच काढायचे. तेव्हा घर आलं अक्काच्या गळ्यात आणि धाकटी कडेवर. शाळा सुटली. आईचं पायाचं मशीन होतं, त्यावर अक्का आधी फाटकं शिवायला शिकली, मग धड शिवायला, मग लोकांचं लांडं-लांब करायला. लग्नासाठी विचारायला कुणी आलं नाही असं नाही. पण आलेल्यांसमोर अक्का यायची ती धाकटीला कडेवर घेऊनच, आणि लोक चहा पिऊन, हवापाण्याच्या गोष्टी करून निघून जायचे. वडील गेल्यावर तर तो विषयच संपला. बाईंना चित्रकलेच्या कॉलेजात घातलं ते त्या मशीननं. घरात रंगाच्या नळ्या आल्या तेव्हा अक्का त्या उघडून हुंगायची. म्हणायची, "वास तर महागाचा आहे."

सगळं दिलं अक्कानं. एकच गोष्ट तिला देता आली नाही, आणि बाईंना नेमकी तीच हवी होती. आईचा चेहरा.

आईचा फोटो नव्हता. फोटो काढायला जाऊ, जाऊ असं म्हणता म्हणता राहून गेलं आणि मग आईच राहिली नाही. बाईंना तिच्यातलं काहीही आठवत नव्हतं. हाताचा स्पर्श नाही, आवाज नाही, काही नाही. इतर मुली आईवर चिडायच्या, रुसायच्या, तेव्हा बाईंना हेवा वाटायचा तो या गोष्टीचा की यांना निदान कुणावर रुसतोय ते ठाऊक आहे. कॉलेजात व्यक्तिचित्र शिकल्यावर बाई पहिल्या सुट्टीत घरी आल्या त्या कागदांची गुंडाळी घेऊनच. अक्काला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "सांग. मी काढते."

आता अक्काचं सगळं आयुष्य मापं घेण्यात गेलेलं. कुणाची कंबर किती हे ती लांबून सांगायची. पण आईचा चेहरा म्हटलं की तिची बोबडी वळायची. "छान होती," ती म्हणायची. "नाक कसं होतं?" "नाक... नाकासारखं. म्हणजे ती समोर आली की कळायचं ना, ती आहे म्हणून." बाई काढायच्या आणि अक्का बघून मान हलवायची. "नाही. ही चांगली बाई आहे कुणीतरी. पण आई नाही." पुन्हा काढायच्या. "नाही गं." काय चुकलंय ते सांगता यायचं नाही, फक्त चुकलंय एवढं कळायचं. दर सुट्टीत हा खेळ चालायचा. पुढे नोकरी लागली तरी दोन-चार वर्षांनी बाईंना पुन्हा उमाळा यायचा आणि पुन्हा अक्काची मान हलायची. एकूण तेवीस आया काढून झाल्या. चोविसाव्या वेळी बाईंचा तोल सुटला.

"दिसते ना तुला? मला दिसत नाही, तुला दिसते! मग तूच काढ!"

"मला कुठं येतं?" अक्का म्हणाली.

"मग राहू दे."

आणि खरंच राहू दिलं. त्यानंतर नऊ वर्षं त्या घरात आईचा चेहरा हा शब्द कुणी काढला नाही. बाईंनी मनाची समजूत घातली की जे नाही ते नाही. दुसऱ्यांच्या चित्रांवर त्यांचा हात त्या वर्षांत जास्तच फिरायला लागला, असं नर्स म्हणायची. नर्सचं म्हणणं खरं असेलही.

दरवर्षी वाचनालयाच्या मोठ्या हॉलमध्ये वर्गाचं प्रदर्शन भरायचं, आठ दिवसांचं. त्याचा नियम बाईंनीच घालून दिलेला. चित्राखाली नाव नाही, फक्त नंबर. नाव वाचून कौतुक करायची लोकांना भारी हौस, डॉक्टरांच्या मुलीनं भोपळा काढला तरी वाहवा आणि धोब्याच्या मुलीनं मोर काढला तरी "हं". म्हणून चित्रं वाचनालयातल्या लाकडी पेटीत टाकायची, तिथला कारकून नंबर लावणार, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर ज्यानं त्यानं पुढे येऊन आपल्या चित्राखाली स्वतःच्या हातानं नाव लिहायचं. तो क्षण मोठा गोड असायचा. आयुष्यात कधी कुणी टाळ्या न वाजवलेल्या माणसांसाठी टाळ्या वाजायच्या. सुतारानं पहिल्यांदा नाव लिहिलं तेव्हा त्याचा हात असा कापत होता की एवढी एकच रेघ त्याला सरळ काढता आली नाही.

पण प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी, सगळी चित्रं टेबलांवर मांडलेली असताना, बाई एकट्या पेन्सिल घेऊन फिरायच्या. नावं नसली म्हणून काय झालं, चुका तर होत्याच.

त्या वर्षी बेचाळीस चित्रं होती. सायकलीचं चाक गोल केलं, मांजराला मान दिली, नदीला उतार दिला. असं करत करत त्या एकतीस नंबरपाशी आल्या आणि थबकल्या.

पेन्सिलीनं काढलेला एका बाईचा चेहरा. समोरून. रेघा इतक्या फिकट की काढणाऱ्यानं श्वास रोखून काढल्या असाव्यात. पुन्हा पुन्हा त्याच जागी हात गेल्यानं कागदाला लव सुटली होती. आणि चुका? चुकाच चुका. उजवा डोळा डाव्यापेक्षा खाली. कपाळ अरुंद, म्हणजे दोन्ही डोळे नेहमीप्रमाणे फार वर. नवशिके सगळे हीच चूक करतात, डोळे डोक्याच्या मध्यावर असतात हे त्यांना पटतच नाही. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं, काहीतरी बोलायला जावं आणि राहून जावं तसं. जबडाही दोन्हीकडे सारखा नाही.

बाईंना वाटलं, हे मोठ्यांच्या तुकडीतलं, बहुतेक कंडक्टरांचं. पण चित्रात काहीतरी होतं. दुसरं एखादं असतं तर दोन रेघा मारून त्या पुढे गेल्या असत्या, इथे मात्र खुर्ची ओढून बसल्या. जीव लावला म्हणा ना. खोडताना बाई कागद दुखवायच्या नाहीत, तो त्यांचा खास अभिमान. मऊ रबर, हलका हात, खाली मागमूस राहणार नाही. त्यांनी डोळे खोडले आणि मध्यावर आणले. तोंड खोडलं आणि सरळ केलं. नाकाखाली सावली दिली, गालाला गोलाई दिली, जबडा सावरला. अर्धा तास सहज गेला. उठून लांबून बघितलं तर चेहरा असा उजळला होता की बाई स्वतःशीच म्हणाल्या, "बघ, होतं ना आत? फक्त बाहेर काढायचं होतं."

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडलं. सगळ्यांत जास्त गर्दी एकतीस नंबरपुढे. अक्का आली ती नवे कपडे घालून, केस नीट बांधून. प्रदर्शनाला ती दरवर्षी यायची, पण मशीनवरून उठून तशीच. बाईंना गंमत वाटली. अक्का इकडेतिकडे न बघता थेट एकतीस नंबरपाशी गेली आणि उभी राहिली. बाई मागून आल्या.

"कसं आहे?"

अक्का चित्राच्या आणखी जवळ गेली. मग म्हणाली, "चांगलं आहे."

"कुणाचं आहे कोण जाणे. पण चेहऱ्यात दम होता. मी जरासा हात फिरवला."

"किती?"

"जरासाच गं. डोळे, तोंड. बाकी तसंच आहे."

"बरं," अक्का म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मला जरा बसायला खुर्ची दे."

बाईंनी खुर्ची दिली. उकाड्यानं होत असेल, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर आठही दिवस अक्का रोज आली. गिऱ्हाईकांना उद्या-परवा सांगून यायची आणि त्या एकाच चित्रापुढे उभी राहायची. कधी अगदी नाक लावून, कधी तिरपी मान करून, खिडकीच्या उजेडात. बाईंना कोण आनंद! काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तसं, सगळ्या गावाला चित्र बघायला शिकवलं आणि घरातलीच बहीण राहून गेली होती, ती आता सत्तरीच्या उंबरठ्यावर वळली. दोन-तीनदा कंडक्टर अक्काच्या शेजारी उभे दिसले. दोघं हळू आवाजात बोलायची आणि बाई जवळ आल्या की गप्प व्हायची. शेवटच्या दिवशी नावं लिहायची वेळ आली. एकेक जण पुढे गेलं, टाळ्या झाल्या. एकतीस नंबर आला आणि कुणीच उठलं नाही. कंडक्टरांनी अक्काकडे बघितलं. अक्कानं मान हलवली, नाही म्हणून.

बाईंनी ते बघितलं, आणि त्यांच्या डोक्यात काय यावं? त्यांना वाटलं, या दोघांचं काहीतरी आहे! कंडक्टर विधुर, अक्का ही अशी. म्हातारपणी जुळलं असेल. नवे कपडे, रोजच्या फेऱ्या, चोरून बोलणं, सगळं जुळत होतं. घरी जाताना बाई अक्काला कोपर मारून म्हणाल्या, "आम्हाला कधी सांगणार मग?" अक्कानं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चल, उशीर होतोय." बाई वाटभर हसत होत्या. 

बिननावाचं चित्र बाईंनी वर्गाच्या कपाटात ठेवून दिलं. तीन आठवडे कंडक्टर वर्गाला आले नाहीत. चौथ्या रविवारी आले ते वर्ग सुटल्यावर, आपली रंगाची पेटी परत न्यायला. बाईंनी त्यांना दारातच गाठलं.

"काय हो, रुसलात? एकतीस नंबर तुमचंच ना? नाव का नाही घातलंत? सगळ्यांत चांगलं चित्र ते."

कंडक्टर मोठे शांत गृहस्थ. तीस वर्षं गर्दीत उभं राहूनही कुणावर आवाज न चढवलेला माणूस. त्यांनी पेटी खाली ठेवली.

"माझं नाही ते, बाई. यंदा माझ्याऐवजी अक्कांचं टाकलं होतं पेटीत."

"अक्काचं? अक्काला साधं वर्तुळ येत नाही."

"येतं. दोन वर्षं झाली. तुम्ही शाळेत असता तेव्हा, दुपारचं. मला जेवढं येतं तेवढं मी दाखवलं. दुसरं काही शिकायचंच नव्हतं त्यांना. पहिल्या दिवशीच म्हणाल्या, मला एकच चेहरा काढायचाय, तेवढ्यापुरतं शिकवा."

बाईंचा हात आपोआप टेबलाकडे गेला. कुणाचा चेहरा हे विचारायची गरज नव्हती, पण माणूस विचारतोच. "कुणाचा?"

"तुमच्या आईंचा."

मग कंडक्टरांनी सगळं सांगितलं. कुणाला सांगायचं नाही असं अक्कानं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, पण आता त्यांना राहवेना. किती कागद झाले त्याला गणती नाही. जमलं नाही की अक्का फाडायची. एकही ठेवला नाही. म्हणायची, चुकीची आई घरात ठेवायची नाही. एकदा कंडक्टर म्हणाले, अक्का, हा डोळा खाली आलाय, वर घ्या. तर म्हणाली, तो खालीच होता. हसायच्या आधी आईचं तोंड एका बाजूला जायचं, तेवढं एक अक्काला वर्षभर जमत नव्हतं. आणि ज्या दिवशी जमलं त्या दिवशी पेन्सिल ठेवून ती कागदाशी बोलायला लागली, तेव्हा कंडक्टर उठून बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले.

"मग मला घरी का नाही दाखवलं?" बाईंचा आवाज चिरका झाला.

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, घरी दाखवलं तर धाकटी माझं मन राखायला छान म्हणेल. नाव नसताना तिनं ओळखलं, तरच खरं."

कंडक्टर गेल्यावर बाईंनी कपाट उघडलं. चित्र टेबलावर ठेवलं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांत स्वतःची रेघ घालणाऱ्या बाईंना पहिल्यांदा स्वतःची रेघ दिसली, आणि ती जिकडेतिकडे होती. डोळे त्यांचे. नाकाखालची सावली त्यांची. तोंड, गाल, जबडा, सगळं त्यांचं. कागद खिडकीशी नेला, तिरपा धरला, दाबलेल्या रेघेची खाच कुठे दिसते का म्हणून. अक्काचा हात हलका आणि यांचं खोडणं सफाईचं. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. केस तेवढे अक्काचे होते, आणि डावा कान. तो बाईंना तेव्हा बरा वाटला होता म्हणून त्यांनी सोडून दिला होता. आईचा एक कान उरला होता.

त्या तिथेच बसून आठवायला लागल्या. आपण चित्रकार आहोत, अर्धा तास ते चित्र डोळ्यांसमोर होतं, आठवलंच पाहिजे. उजवा डोळा खाली. तोंड ओढलेलं. कपाळ अरुंद. सगळ्या चुका एकेक करून आठवल्या. चेहरा आठवला नाही. आई त्यांच्या हाताखाली अर्धा तास होती, डोळ्याला डोळा देऊन, आणि त्यांनी तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

घरी आल्या तेव्हा अक्का मशीनवर होती. कुणाच्या तरी बाह्या आखूड करायच्या होत्या. बाईंच्या हातात चित्र बघून तिचे पाय थांबले.

"कंडक्टरांनी सांगितलं वाटतं," ती म्हणाली. "सांगू नका म्हटलं होतं."

बाई तिच्या पायाशी जमिनीवर बसल्या. बोलायला गेल्या तर नुसता हुंदका आला. अक्कानं बाही बाजूला ठेवली.

"अगं, उगी. तुला काय माहीत?"

"तू बोलली का नाहीस? पहिल्याच दिवशी का नाही बोललीस? उभं राहून माझ्या तोंडात मारायचं होतंस!"

"काय बोलणार? मला वाटलं होतं, तू ओळखशील. लेकरू आईला ओळखतं म्हणतात. दीड वर्षं तिच्या मांडीवर होतीस, कुठंतरी राहिली असेल आत. ओळख पटली नाही तरी तुझा हात तिच्यावर उठेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नाही."

"अक्का, पुन्हा काढ." बाईंनी तिचे गुडघे धरले. "आत्ता काढ. मी हात लावणार नाही. घरातच थांबत नाही, तू म्हणशील तिथं जाते. हवं तर माझ्या पेन्सिली फेकून देते. पण पुन्हा एकदा काढ. डोळा खाली असू दे, तोंड वाकडं असू दे, कसंही असू दे."

 मशीनच्या खणातून अक्कानं कागदांचा एक गठ्ठा काढला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला. दहा-पंधरा कागद असतील. हिनं एकही चुकीचा कागद कधी घरात ठेवला नव्हता, आणि हे ठेवले होते. बाईंनी वरचा बघितला, खालचा बघितला, मग भराभर सगळे बघितले. सगळ्यांवर तोच चेहरा. फिकट रेघा, हलका हात, अक्काचाच. पण डोळे बरोबर मध्यावर, दोन्ही एका ओळीत. तोंड सरळ.

"हे... हे तर माझं आहे," बाई म्हणाल्या.

"रोज बसते," अक्का म्हणाली. "प्रदर्शन संपल्यापासून रोज. हात चालतो. तीच येत नाही."

"असं कसं? तुला तर दिसायची. डोळे मिटलेस की दिसायची ना?"

"दिसायची. छप्पन वर्षं दिसायची. ते आठ दिवस मी शोधत होते गं, तू खोडलेलं कुठं दिसतंय का. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, उजेडात बघितलं. बघून बघून तुझी बाईच डोळ्यांत बसली. आता डोळे मिटले की ती समोर येते. चांगली आहे दिसायला." अक्कानं वरचा कागद उपडा केला. "आई बाजूला कुठंतरी आहे, असं वाटतं. वळून बघायला गेलं की हीच."

 बाईंनी अक्काच्या मांडीत डोकं खुपसलं. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, लहानपणी फिरवायची तसाच, वरून खाली, वरून खाली. तेरा-चौदाव्या वर्षापासून ती आई झाली होती आणि तेव्हापासून तिला कुणी रडताना बघितलं नव्हतं. तिचा हात मध्येच थांबला.

"इतकी वर्षं मला तुझी कीव यायची," ती म्हणाली. "वाटायचं, मला निदान आई आहे, डोळे मिटले की भेटते. या पोरीला तेवढंही नाही." तिचा आवाज फाटला. "धाकटे, मला आई हवी गं."

आणि सत्तर वर्षांची अक्का लहान पोरीसारखी रडायला लागली. बाई उठून बसल्या. काय करावं त्यांना कळेना, कारण रडणाऱ्या माणसाला जवळ कसं घ्यायचं हे त्या घरात फक्त अक्कालाच ठाऊक होतं. शेवटी त्यांनी जमेल तसं तिला कवेत घेतलं. बाह्यांचं गिऱ्हाईक येऊन दार वाजवून गेलं. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.